एकोणीस कप आणि लोकरीचं झाकण

मास्तर शेवटच्या वळणावर पोचले आणि नेमकी बाहेर कुलपात किल्ली फिरली. बहिणीकडे गेलेली बायको संध्याकाळी यायची, ती भर दुपारीच परतली होती. मास्तरांनी गेमचं कन्सोल बंद केलं, तिनेच विणलेलं लोकरीचं झाकण त्यावर ओढलं आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. सुलटंच धरलं. इतकी वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाचा ताबा असा सुटत नसतो.

हे मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून दिवसभर "हळू, हळू, अहो हळू!" म्हणायचं, हा त्यांचा धंदा. रविवारी मात्र बायको घराबाहेर पडली की मास्तर पडद्यावर दोनशेच्या वेगाने लोकांच्या गाड्या दरीत ढकलत. कन्सोल चिरंजीवांचं. चिरंजीव वसतिगृहात गेल्यापासून ते धूळ खात पडलंय, अशी घरातली समजूत. शिवाय "या डबड्यापायी पोरं वाया जातात" हे मास्तरांचं मत अख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्यामुळे कुठे बोलायची सोय नव्हती. एकोणीस कप जिंकून झाले होते. त्यातले सात-आठ कधी जिंकले ते आठवत नसे, पण माणूस तल्लीन झाला की असं व्हायचंच. आता घाटातल्या शर्यतीचा तेवढा एक उरला होता आणि त्याच्यासाठी मास्तरांचा जीव तीळ तीळ तुटत होता.

थोड्या वेळाने खोलीत जळकट वास सुटला. बायकोने झाकण उचललं.

"अगंबाई! हे कसं तापलं?"

"उन्हानं," मास्तर म्हणाले. खिडकी दुसऱ्या भिंतीला होती. पण का कोण जाणे, बायकोने वाद घातला नाही.

कन्सोल पार गेलं होतं. काही केल्या सुरू होईना. चिरंजीवांना स्पीकरवर फोन लावला, तर ते म्हणाले, "टाका ना बाबा ते! सुट्टीत आलो की नवीन घेऊ."

नवीन घ्यायचं म्हणजे एकोणीस कपांवर पाणी सोडायचं. काटकसरीवर एक भाषण ठोकायला मास्तरांनी तोंड उघडलं, तोवर बायकोने फोन हिसकावला.

"काही टाकायचं नाही. दुरुस्त करायचं. माझ्याच्यानं वस्तू टाकवत नाही."

मागच्याच आठवड्यात तिने मास्तरांचा धडधाकट कोट भंगारात घातला होता. पण ते काढायची ही वेळ नव्हती.

"अगं आई, पण ते खेळतंय कोण?"

"कुणी नाही!" दोघं एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर कन्सोल घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्क्रू काढले आणि चिमट्याने आतून गुलाबी लोकरीचा बोळा ओढला.

"गरम असतानाच पांघरूण घालता काय, काका? गुदमरलंय बिचारं. दुरुस्तीला बराच खर्च आहे. खरं सांगू, नवीनच घ्या."

"दुरुस्त केलं तर आतलं सगळं राहील ना?"

"आतलं म्हणजे?"

"कप वगैरे. म्हणजे मुलाचे हो. किती आहेत, आपल्याला काय माहीत? एकोणीस."

दुकानदाराने चष्म्यावरून एकदा बघून घेतलं. "राहतील. पण मुलाला सांगा, रोज इतका वेळ चालवत जाऊ नकोस. पंखा पार झिजलाय."

"रोज कुठलं? फक्त रविवारी!" मास्तर ताडकन बोलले आणि त्यांनी जीभ चावली.

"हे नुसत्या रविवारचं काम नव्हे, काका."

बिल फुगवायचं म्हणजे असं काहीबाही बोलावंच लागतं, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी कन्सोल घेऊन ते घरी आले. चपला काढायच्या आधीच बायकोने विचारलं, "झालं का?"

"झालं. पोराचं सगळं जसंच्या तसं आहे. फक्त बंद केलं की तासभर उघडं ठेवायचं, मग झाकायचं."

"तासभर? छे, कसं जमायचं?" बायको आपल्याच नादात म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी सहाला घरात. म्हणजे मला पाचलाच बंद करायला हवं."

ते न आठवणारे सात-आठ कप मास्तरांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. रागवावंसं खूप वाटलं, पण रागवायचं कुठल्या तोंडाने?

"म्हणजे... माझंही तुला ठाऊक होतं?"

"सेव्ह केलेल्या तुमच्या सगळ्या शर्यती बघितल्यात मी." तिने वायर जोडली आणि पडद्यासमोर बैठक मारली. "तसं चालवता बरं. पण शेवटच्या वळणाला घाबरता आणि ब्रेक मारता. सगळे तिथेच पुढे निघून जातात. बसा इथे, बघा."

मास्तर सवयीने तिच्या शेजारी बसले. घाट सुरू झाला. तिची गाडी एकेकाला मागे टाकत सुसाट निघाली. शेवटचं वळण आलं आणि मास्तरांचा पाय आपोआप सतरंजीवर जोरात दाबला गेला.

"पाय उचला," पडद्यावरची नजर न हलवता बायको म्हणाली.