आतड्याची रांगोळी

आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत दिवाळीला सगळ्यांच्या दारात कमळं आणि मोर असतात. शेजारच्या शशीकाकूंच्या दारात आतडं असतं.

म्हणजे आतड्याचं अस्तर. खेटून उभ्या उंच पेशी, वरच्या कडेला ब्रशसारखी बारीक झालर, आणि दोन पेशी जिथे जुळतात तिथे रंगीत खुणा. मेडिकल कॉलेजात पेशी-ऊतींचा हाच विषय शिकवून काकू रिटायर झाल्या. समोरच्या भाभींनी एकदा कौतुकाने विचारलं, ये झालर किस चीज की है? "आँत की," काकू म्हणाल्या. भाभी हातातली पोह्यांची बशी तशीच परत घेऊन गेल्या.

काकूंचं पालुपद एकच: "आधी कड बघा." माझ्या भाच्याला मुलगी पाहायला गेलो, तर यांनी करंजीची कड पाहून होकार दिला. भैरवगढच्या छापवाल्याशी तर साडीवरून हुज्जत घातली, कारण दोन ठशांमध्ये फट राहिली होती. "इसमें से तो सब रिस जाएगा, भैया." साडीतून गळणार!

चूक त्यांना खपायची नाही, आणि स्वतःची कधी व्हायची नाही.

माझी मुक्ता मेडिकलच्या पहिल्या वर्षी नापास झाली, तीही नेमकी याच विषयात. खोलीचं दार लावून बसली. कॉलेज सोडते म्हणाली. आम्ही दोघं समजावून थकलो. काकूंना सांगितलं, तर त्यांनी फक्त तिची खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून, दिवाळी नसताना, त्या खिडकीखाली रोज सकाळी पेशींची रांगोळी.

आठवडाभराने मुक्ता विस्कटलेल्या केसांनी खाली उतरली. "काकू, पेशींचे हे जोड उलटे झालेत. टाइट जंक्शन सगळ्यात वर, मग पट्टा, डेस्मोसोम त्याच्याखाली. तुम्ही डेस्मोसोम वर काढलंय."

काकूंनी चष्मा सावरून पाहिलं आणि रांगोळीचा डबा तिच्या हातात दिला. उन्हं चढेपर्यंत दोघी जमिनीवर बसून होत्या.

मुक्ता पुरवणी परीक्षेत पास झाली. पेढे काकूंनी वाटले. कॉलनीत ज्याला त्याला सांगत होत्या, मेरी गलती पकड़ी है इसने, मेरी.

पुढे एकदा चहा घेताना मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम चुकवलंत ना?

"पहिल्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. मग कपाकडे बघत राहिल्या. "रिटायर झाल्यापासून या विषयावर बोलायला माझ्याकडे कुणी आलं नव्हतं हो. आता ती रोज येते. माझ्या चुका काढायला."