टिटवीची मागणी: पाणी

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला घर होतं आणि तरीही घरांचा प्रश्न होता.

कसा? अरे, सिंहमहाराजांनी आधी गृहनिर्माण खातं उघडलं. खातं उघडलं की त्यात घालायला प्रश्न लागतो. नुसतं उघडं ठेवलं तर डास येतात.

त्या जंगलात चिंतू नावाचा एक सरडा होता. सरडा मान हलवतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला काही पटलेलं असतं असं नाही. मानेची सवय. ही मान चिंतूला शाळेत फार कामाला आली. गुरुजी काहीही म्हणोत, चिंतू मान हलवायचा. असं करत करत तो पदवीधर झाला आणि नदीपल्याडच्या विद्यापीठात पुढचं शिकायला गेला. विषय होता, 'शाश्वत नागर विकास आणि गृहनिर्माण'.

त्याची आई जंगलभर सांगत सुटली, "आमचा चिंतू शाश्वत शिकतोय."

"शाश्वत म्हणजे काय हो, काकू?" सशानं विचारलं.

काकूंना कुठं माहीत! पण मुलाचं कौतुक सांगताना आई अडते होय? "अरे, सासूगत. एकदा आली की हलायचं नाव नाही."

"बाप रे!" ससा म्हणाला. "आणि हे मुद्दाम शिकायला जातात?"

दोन वर्षं झाली. प्रबंध तेवढा राहिला. एक बेघर शोधायचा, त्याला शाश्वत घर द्यायचं आणि त्यावर शंभर पानं लिहायची. चिंतू पाहणीचा छापील कागद घेऊन जंगलात परत आला.

बेघर काही मिळेना. मुंगीला वारूळ, सशाला बीळ, घुबडाला ढोली. घुबडानं तर डोळाही उघडला नाही. "आमचं ठीक आहे. पुढं बघा."

शेवटी चिंतू माळावरच्या टेकडीवर चढला. वर नुसते दगडगोटे.

"पाय बघ, मेल्या! दिवाणखान्यात घुसलायस!"

चिंतू जागीच थांबला. समोर टिटवी उभी होती. आणि पायाजवळच्या गोट्यांतले चार गोटे हे गोटे नव्हते. अंडी होती.

"टिटवीमावशी, तुमचं घर कुठाय?"

"तू उभा आहेस ते."

चिंतूला इतका आनंद झाला की मान आपोआप हलली. त्यानं कागद काढला.

"भिंती?"

"नाहीत. भिंती घातल्या तर मुंगूस येताना दिसेल कसा?"

चिंतूनं लिहिलं, 'भिंती: नाहीत.' मुंगसाला रकाना नव्हता.

"छप्पर?"

"झोपताना पाय वर करते. आभाळ पडलंच तर झेलीन."

टिटवी चेष्टा करत होती. चिंतूनं लिहिलं, 'छप्पर: पायांचे. कच्चे.'

"आता माझं एक लिही," टिटवी म्हणाली. "दरसाल मी खाली नदीकाठी अंडी घालते. औंदा पार टेकडीच्या टोकावर घातलीत. का, ते विचार."

"तसा रकाना नाही, मावशी."

"मग कुठंतरी कोपऱ्यात लिही की! पाणी येणार आहे. मोठं."

चिंतूनं कागद वरून खालपर्यंत पाहिला. एकच रकाना रिकामा होता, आणि त्यात एकच शब्द मावत होता. त्यानं 'पाणी' लिहिलं, मान हलवली आणि निघून गेला.

त्या रकान्याचं नाव होतं 'मागणी'.

दरबारात कागद वाचला गेला. भिंती नाहीत. छप्पर पायांचे. मागणी, पाणी. सिंहमहाराजांना गहिवरून आलं. "बिचारी! घोटभर पाण्याला महाग झाली! तिचं घर असं बांधा की उंबऱ्याशीच पाणी हवं."

मग काय, नदीच्या कोरड्या पात्रात, धारेपासून दोन हातांवर घर उभं राहिलं. चार भिंती, पक्कं छप्पर, दारावर लाकडी पाटी, 'टिटवीनगर'. घर एकच होतं. पण नागर विकास म्हटल्यावर नगर पाहिजेच.

आणि योजनेचा नियम असा की नवं घर मिळालं की जुनं मोडायचं. जुनं म्हणजे टेकडी. ती सपाट करायला हत्तीला सांगितलं.

टिटवीनं नवऱ्याला अंड्यांवर बसवलं आणि ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पिल्लं निघायला आठ दिवस आहेत. मला अंडी उचलून नेता येत नाहीत. हत्तीला आठ दिवस थांबवा."

"मला आजच सवड आहे," हत्ती म्हणाला. "उद्यापासून दुसरी टेकडी."

"बाई, तुझ्या भल्यासाठीच चाललंय हे," सिंहमहाराज म्हणाले.

"माझं भलं, आणि मला न विचारता?"

"विचारलंय की!" चिंतू म्हणाला आणि त्यानं कागद वाचून दाखवला. "मागणी, पाणी."

टिटवी ओरडली नाही. टिटवी ओरडली नाही तेव्हाच दरबारानं घाबरायला हवं होतं.

"चिंतू बाळा," ती मऊ आवाजात म्हणाली, "घर चांगलं झालंय?"

मान हलली.

"पक्कं आहे?"

हलली.

"अगदी शाश्वत?"

जोरात हलली.

"म्हणजे आठ दिवस तू स्वतः राहून दाखवशील, आणि तोवर टेकडीला कुणी हात लावणार नाही?"

मान हललीच. सवय मेली!

"वा!" सिंहमहाराज खूश झाले. "विद्यार्थी असावा तर असा. हत्ती, आठ दिवस थांब."

चिंतूचा रंग तीनदा बदलला. पण मान हलून गेली होती.

सहाव्या दिवशी भर दुपारी नदी आली. जंगलात पावसाचा थेंब नव्हता. पाऊस वरच्या डोंगरात कोसळला होता. टिटवीनगराच्या भिंती आधी गेल्या, मग पक्कं छप्पर गेलं. पाटी तेवढी तरंगली. तिला चिकटून चिंतू वाहत वाहत टेकडीच्या पायथ्याला लागला.

वर येऊन बघतो तर सगळं जंगल तिथंच. ससा होता, घुबड होतं, त्याची आई होती. सिंहमहाराज शेपूट पोटाखाली घेऊन बसले होते. टेकडी मोडायला निघालेला हत्तीही टेकडीवरच उभा होता.

"पाय बघा, मेल्यांनो!" टिटवी प्रत्येकावर खेकसत होती. हत्तीनं दोन दिवस एक पाय हवेत धरला.

आठव्या दिवशी अंड्यांना तडे गेले. चार पिल्लं बाहेर आली, अंग सुकेपर्यंत थांबली आणि सरळ चालायला लागली. जन्मलेल्या जागेकडं एकानंही वळून पाहिलं नाही.

"घरात राहणार नाहीत?" सशानं विचारलं.

"त्या घराचं काम संपलं," टिटवी म्हणाली. "पुढच्या साली पाणी बघून दुसरं."

चिंतूनं कागद शोधला. कागद वाहून गेला होता.

पण तुम्ही चिंतूची काळजी करू नका. तो पहिल्या वर्गात पास झाला. त्याच्या प्रबंधाचा शोध असा, की पूर आला तर टेकडी बुडत नाही. टिटवीचं नाव आत आहे. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'एक स्थानिक पक्षी'.

आता त्या टेकडीवर चिंतूचं अभ्यास केंद्र आहे. हत्तीनं टोक सपाट करून दिलं. आवारात पक्ष्यांना मनाई आहे, कारण अभ्यासात आवाजाचा त्रास होतो. औंदा टिटवीनं अंडी कुठं घातली, हे विचारायला अजून कुणी गेलेलं नाही.

तात्पर्य: खूप शिका, पोरांनो. अडाण्याला पूर यायच्या आधी कळतो, आणि त्याच्या वाट्याला नुसती काळजी येते. शिकलेल्याला स्वतः बुडाल्यावर कळतो, आणि त्याला पहिला वर्ग मिळतो.