तात्यापाऱ्यातली नॉर्वेची तालीम

मे महिन्यातल्या एका भर दुपारी, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, दिवाकररावांनी स्वतःच्या घराला कुलूप लावलं, चावी शेजारच्या कुसुमताईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "सहा वाजेपर्यंत मी मागितली तरी देऊ नका जी."

"काहून?" कुसुमताईंनी विचारलं.

"नका देऊ, बस्स."

एवढं बोलून ते रस्ता ओलांडून गेले, कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये चढले आणि उशी डोक्याखाली घेऊन पडले. कुसुमताई चावी धरून दारातच उभ्या राहिल्या.

यात वेडेपणा काही नव्हता. निदान दिवाकररावांना तसं वाटत होतं. पण आपल्याला जे वाटतं त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे. त्यांची मुलगी स्वरदा नॉर्वेत नोकरी करत होती. जूनमध्ये एक गाडी भाड्यानं घ्यायची, आतच पलंग, आतच शेगडी, आणि बाबांना घेऊन त्या देशाच्या पार उत्तरेच्या टोकापर्यंत जायचं, असं तिच्या मनात होतं.

"पण बाबा, सच बताओ, गाडीत झोप लागेल का तुम्हाले?" तिनं फोनवर विचारलं होतं. "अन् तिथं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. उजेडातच झोपावं लागते. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी बुकिंग नाही करत."

दिवाकररावांनी वाचनालयातून त्या देशावरची पुस्तकं आणून वाचली. तिथली रेनडिअर काय खातात, हे त्यांना कळलं. रायपूरच्या रेल्वेच्या माल कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला तिथे झोप लागेल का, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग तालीम करणं आलं. गाडीत झोपायचं आणि उजेडात झोपायचं, म्हणजे दुपारी. गुढियारी मोहल्ल्यातल्या उदयची शाळेची व्हॅन सुट्टीत रिकामीच होती. "ले जाओ काका," तो म्हणाला, "पर एसी नहीं है, हां!"

पहिल्या दिवशी त्यांनी उदयला गाडी नवा रायपूरला नेऊन लावायला सांगितली. रुंद रस्ते, दूरवर सरकारी इमारती, दुपारभर माणूस नाही. उत्तरेसारखं म्हणायला रायपूरकडे तेवढंच होतं. पण तिथे त्यांचा डोळा लागला नाही. दर दहा मिनिटांनी उठून घरी जायची बस येते का ते पाहत राहिले. म्हणून गाडी घरासमोर आली. आता घर समोर दिसलं की आत जावंसं वाटणार, म्हणून चावीचा बंदोबस्त. आणि हे सगळं कुणाला सांगायचं नाही, कारण नाही जमलं तर अख्खा तात्यापारा विचारणार, "काय जी, गेलेच नाही?"

कुसुमताईंनी तीन दुपारी पाहिलं. भाऊ गाडीत झोपतात. भाऊ गाडीच्या पायरीवर शेगडी ठेवून चहा करतात. भाऊंचा ब्रशसुद्धा गाडीत आहे. चौथ्या दिवशी त्या मराठी मंडळाच्या सचिवांकडे, पांडुरंगरावांकडे गेल्या. कुणाच्याही घरी काही झालं की पांडुरंगराव बैठक घेत.

"डिसेंबरात भाऊंची पोट्टी आली होती," कुसुमताई म्हणाल्या. "तेव्हा घराचे कागद झेरॉक्स करून नेले तिनं. म्या सोता पाह्यलं."

कागद व्हिसासाठी लागतात, हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. "म्हणजे घर नावावर करून घेतलं," पांडुरंगराव म्हणाले. "अन् किरायानं देणार असंल. बापाले रस्त्यावर काढलं! बिचारा लाजाळू माणूस, बोलणार कोणाजवळ?"

त्याच दुपारी गाडीचं सरकतं दार वाजलं. बाहेर पांडुरंगराव होते, दोन सभासद होते आणि कुसुमताई आमरसाची वाटी घेऊन होत्या.

"दिवाकरभाऊ, आम्ही काही विचारणार नाही," पांडुरंगराव म्हणाले आणि आत चढून बसले. "तुम्ही फक्त खा."

"अहो, पण तसं काही नाही..."

"हव, हव. तसं काही नसतेच. खा."

दुसऱ्या दिवशी कुणी झुणका-भाकर आणली, तिसऱ्या दिवशी कुणी पोहे. येणारा रिकाम्या हातानं येत नसे आणि आल्यावर उठत नसे. मुलांच्या बाकांवर म्हातारी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि आपापल्या सुनांबद्दल बोलत. दिवाकरराव रोज ठरवत, आज सांगून टाकू. पण पत्नी कुमुद गेल्यापासून त्यांच्या घराचं दार कुणी वाजवलं नव्हतं. एकट्या पुरुषाच्या घरात जाऊन काय बोलायचं, म्हणून बायका येत नसत आणि बायका येत नाहीत म्हणून पुरुष. गाडीचं दार मात्र रस्त्यावर उघडत होतं. त्या बोलण्याच्या आवाजात त्यांना अशी झोप लागायची, की उद्या सांगू, असं म्हणत आठवडा गेला.

आठवड्यानंतर पांडुरंगरावांनी कुसुमताईंकडून स्वरदाचा नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर, स्पीकर चालू करून, गाडीपाशी उभं राहून फोन लावला. दिवाकरराव आत घोरत होते.

"बेटा, शरम नाही वाटत तुले? इथं तुझा बाप गाडीत झोपून राहिला!"

"झोपून राहिले?" पलीकडून आवाज आला. "खरंच झोप लागते का त्यांना?"

"लागते म्हणजे? घोरून राहिले!"

"अरे वा! अन् उजेड असतानाही?"

पांडुरंगरावांनी फोन लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "भर दुपारी! एवढ्या उन्हात!"

"मग झालं! मी बुकच करते आता."

"काय बुक करते? वृद्धाश्रम?"

मग सगळं बाहेर आलं. दिवाकरराव जागे झाले तेव्हा मंडळी दाराशी उभी होती.

"नार्वेले चालले तुम्ही?" पांडुरंगराव म्हणाले. "अन् आम्ही तुमच्यासाठी वकील शोधून राहिलो होतो. एका शब्दानं सांगता नाही आलं?"

"जमलं नसतं तर..." दिवाकरराव पुटपुटले.

"पोहे तर जमले!"

सगळे गेले. कुसुमताई आपली वाटी परत घेऊन गेल्या.

त्यानंतर गाडीकडे कुणी फिरकलं नाही. दिवाकरराव रोज दुपारी चावी देत, कुसुमताई न बोलता घेत. ते दार उघडं ठेवून पडत. पानं हलायची, एखादी सायकल जायची. झोप मात्र येत नव्हती. चहाचं पाणी ते सवयीनं जास्तच ठेवत आणि उरलेला चहा झाडाला घालत.

रविवारी दुपारी ते गाडीत पडले असताना स्वरदाचा फोन आला. "बाबा, तिकीट काढून राहिले. पासपोर्टचा नंबर सांगा."

"नको काढू," दिवाकरराव म्हणाले. "मले झोप नाही लागत."

"पांडुरंगकाका तर म्हणाले, घोरता."

"तेव्हा गाडीत लोक बोलत बसायचे. आता कोणी येत नाही." ते थांबले. "तिथं रस्त्यात माणसं भेटतात का गं?"

"नाही बाबा. दिवसभर गाडी चालवली तरी कोणी दिसत नाही. लोक त्यासाठीच तर जातात."

"मंग चहा कोणाले विचारायचा?"

नेटवर्क गेलं असं वाटून त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं.

"मले विचारा ना," स्वरदा म्हणाली. "चार वर्षं झाली. इथं मले कोणीच नाही विचारलं."

दिवाकररावांनी शेगडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "काढ तिकीट. झोपेचं पाहू."

"मग नंबर सांगा लवकर, भाव वाढून राहिला."

पासपोर्ट घरात, कपाटात होता. दिवाकरराव फोन कानाला लावूनच रस्ता ओलांडून गेले. कुसुमताई अंगणात पापड उलटत होत्या.

"चावी द्या जी."

"किती वाजले?"

"चार."

"सहाला या."

"अहो, स्वरदा फोनवर थांबली आहे!"

"तुम्हीच सांगतलं, मागितली तरी देऊ नका. बाकी तर एक शब्द नाही सांगतला मले. जे सांगतलं तेवढं तरी पाळू द्या."

"बाबा, काय झालं?" फोनमधून स्वरदानं विचारलं.

"नंबरले दोन तास लागतील गं," दिवाकरराव ओशाळून म्हणाले. त्यांचा रविवारचा फोन एरवी दूध उतू जायच्या आत संपत असे. "तू ठेव. तुले कामं असतील."

"रविवारी कसली कामं, बाबा? मी नाही ठेवत. बोला."

दिवाकरराव फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावत राहिले. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. हात पदराला पुसले, चावी पदराच्या टोकाला घट्ट बांधली आणि रस्ता ओलांडून गाडीत चढून पहिल्या बाकावर बसल्या.

"उभे काहून? गॅस पेटवा," त्या म्हणाल्या. "अन् तो फोन इकडं आणा. पोट्टी, ऐकून राहिली का? सूर्य मावळतच नाही म्हणते तुमच्याकडं. मंग एका दिवसात किती पापड वाळत असतील गं तिथं?"