डाव्या गालावरची खूण

माणूस उंबऱ्यात उभा राहिला की त्याचं गाव, धंदा आणि मनातला बेत मला एका नजरेत कळतो. नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत अशी नजर दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. त्या सकाळी दारातल्या बाईला मी तात्काळ ओळखलं आणि म्हणालो, "सिलिंडर मागच्या दारानं आणा."

"जयरामकाका, मी ललिता. वरच्या मजल्यावरची."

ललिता कित्येक वर्षं आमच्या डोक्यावर राहत होती, पण वेशांतराची शक्यता मी कधीच सोडत नाही.

ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, तेही तासाच्या मानधनावर. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, कॉलेजानं ऐच्छिक विषयांची टूम काढली होती. जेवणानंतरच्या तासाला मुलांनी राज्यशास्त्र किंवा आरोग्यशास्त्र, वाटेल ते घ्यावं. आणि मुलांना रोज जास्त जास्त आरोग्यशास्त्रच वाटू लागलं होतं. विषय बदलायची मुभा शनिवारपर्यंत होती. तोवर वर्ग भरला नाही तर राज्यशास्त्र बंद, आणि त्याबरोबर ललिताची नोकरीही.

"मी इतकं वाईट शिकवते का, काका?" तिनं विचारलं.

मी प्रकरण हाती घेतलं. सहायक म्हणून सावित्रीला बरोबर घेतलं. ती माझी पत्नीही आहे, पण कामाच्या वेळी ते नातं आम्ही मध्ये आणत नाही.

दुपारी आम्ही आरोग्यशास्त्राच्या वर्गाबाहेर पाळत ठेवली. धनराज सरांच्या त्या वर्गात मुलं अक्षरशः एकमेकांना ढकलत शिरली. दार बंद झालं. आतून आवाज नाही. तास संपल्यावर मुलं बाहेर आली ती डोळे लाल, केस उभे, चाल संथ. आणि प्रत्येकाच्या डाव्या गालावर चौकड्यांची ठळक खूण.

"विषारी वायू," मी पुटपुटलो. मग सर कसे टवटवीत, असं सावित्रीनं विचारलं. तो प्रश्न मी विचाराधीन ठेवला. दुसरा सिद्धांत संमोहनाचा. तो पडताळायला मी धनराज सरांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, तर त्यांनी मला मोतीबिंदूच्या शिबिराचा पत्ता दिला. तिसरा सिद्धांत मात्र अभेद्य होता. खूण डाव्याच गालावर का? कारण ही डाव्यांची गुप्त संघटना होती. राज्यशास्त्र बंद पडलं की सत्तेचे डावपेच फक्त त्यांनाच ठाऊक राहणार होते. देवळाली कॅम्पात लष्कराच्या कानावर घालावं म्हणून मी लुनाला किक मारू लागलो.

"ती सुरू होईस्तोवर मी वर्गातून आलेल्या त्या मुलीला विचारते," सावित्री म्हणाली.

साक्षीदाराला सरळ विचारणं आमच्या गुप्तहेरीच्या धंद्यात पोरकट समजतात. पण मी अडवण्याआधीच तिनं निफाडच्या पूजाला पायरीवर बसवून हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला होता.

"काकू, पहाटं बापासंगं द्राक्षाच्या बागेत फवारणी, मग एसटीत उभ्यानं नाशिक," पूजा म्हणाली. "जेवल्यावर डोळे मिटत्यातच. मॅडम लय चांगलं शिकवत्यात, पण डुलकी लागली की उभं करत्यात. धनराज सरांकडं प्रथमोपचार हाय. बस उलटली असं समजायचं आन् आपण बेशुद्ध पडायचं. बेशुद्ध माणसाला डाव्या कुशीवर निजवत्यात. रक्तदान शिबिराच्या, नवारीच्या पट्ट्यांनी विणलेल्या खाटा हायेत ना तिथं."

"आणि शुद्धीवर कोण असतं?"

"सर."

ललितानं हे ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिची सूचना झळकली: राज्यशास्त्रात प्रात्यक्षिक, विधिमंडळाचं कामकाज. पाळीपाळीनं अर्ध्या सदस्यांनी भाषणं करावीत, बाकीच्यांनी ज्येष्ठ सदस्यांप्रमाणे वागावं.

सूचना मोघम होती, पण मुलांनी टीव्हीवर अधिवेशन पाहिलेलं होतं. शनिवारी राज्यशास्त्राचा वर्ग भरला. पूजानं एसटीतल्या गर्दीवर असं भाषण ठोकलं की ज्येष्ठ सदस्य जागे होऊन बाकं वाजवू लागले. तिकडे धनराज सरांवर स्वतःच बेशुद्ध पडायची वेळ आली.

संध्याकाळी ललिता पेढे घेऊन आली आणि पुडा थेट सावित्रीच्या हातात दिला. शेवटचा प्रश्न मी सहायकासाठी मुद्दाम कसा सोडला, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "काका, वर्गात तुमचा सत्कार करू या."

"सत्कार वगैरे काही नको," मी म्हणालो. "ज्येष्ठ सदस्यांत पंख्याखालची एक जागा तेवढी राखून ठेव. घरी दुपारी तो सिलिंडरवाला बेल वाजवतो."