खडपावरची तांबोशी

आमच्या घरी मासे मी आणायचे नाहीत असा नियम आहे. तो मी एका शनिवारी मोडला. ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं, जानेवारीची छान हवा होती, आणि बोरिवलीच्या बाजारातून मी मोठ्या उत्साहाने पापलेटं घेऊन आलो. सुनंदाने एकाचा कल्ला उघडून पाहिला आणि सगळी मांजरीच्या बशीत नेऊन ठेवली. मांजरीने वास घेतला आणि ती शेजारी निघून गेली.

बायकोने केलेला अपमान मी सवयीने गिळतो, पण मांजरीने केलेला लागला. उद्या मी स्वतः समुद्रातून मासा पकडून आणतो, असं मी जाहीर केलं.

घरातच जाहीर केलं असतं तर निभावलं असतं. पण जिन्यात खालच्या मजल्यावरचे धोंडिराम भेटले आणि त्यांनाही सांगून बसलो. कुठला मासा, असं त्यांनी विचारलं. तोंडाला आलं ते नाव तांबोशी. (ती दिसते कशी हे मला माहीत नव्हतं. नावावरून तांबडी असावी असा अंदाज.) संध्याकाळपर्यंत आमच्या विंगमधल्या सगळ्या बायकांनी रविवारचा बाजार रद्द केला होता. कुंदाताईंनी तर नारळ किसून ठेवला आणि वर आमच्याकडे आपलं रिकामं पातेलं पाठवून दिलं.

वाट लागली होती. मी तडक विद्याधरकडे गेलो. विद्याधर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचे मामा गुणाजी गिरणीतून निवृत्त होऊन गोराईला राहतात आणि हौसेखातर एक छोटी वल्ह्यांची होडी बाळगून आहेत. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली एक खडप आहे, त्या खडकांच्या कपारीत तांबोशी मिळतेच मिळते, असं विद्याधर डबा खाताना नेहमी सांगायचा. तो लगेच तयार झाला. सुनंदाही तयार झाली, पण वेगळ्या कारणाने. तिला पोहता येतं आणि मला येत नाही.

तिने पंक्चरवाल्याकडून हवा भरलेल्या ट्यूब आणल्या. त्या दोघांना स्कूटरच्या पुरल्या. माझ्या पोटावर स्कूटरची चढेना, म्हणून मला ट्रकची मिळाली.

सकाळी गुणाजीमामांनी आम्हाला वाळूत उभं करून सगळं समजावलं. भांगाचे दिवस आहेत, भरती-ओहोटीला ओढ कमी, तेव्हा आज भीती नाही. खडपाच्या एका अंगाला लाटा फुटतात, तिकडे फिरकायचं नाही. दुसऱ्या अंगाला खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि तिथेच बसायचं. दुपारचा वारा सुटायला लागला की मासा लागलेला असो वा नसो, परत फिरायचं. तोवर मी किनाऱ्यावरून नजर ठेवून आहे, आलात नाही तर मोठी बोट घेऊन माणसं पाठवतो. मग माझ्या ट्यूबकडे बघून ते खास मला म्हणाले, "होडयेत उभो रव नको. उभो रवलस तर घराक पोवत येवचा लागतला."

विद्याधर वल्ही मारत होता, सुनंदा पुढे बसली होती, आणि मागची जागा मी आणि माझी ट्यूब मिळून व्यापली होती. पाणी अगदी शांत होतं. खडपाजवळ आल्यावर विद्याधरने वल्ही थांबवली आणि मला नांगर टाकायला सांगितलं. एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी तो बसल्या बसल्या उचलून झकास भिरकावला. मागोमाग दोरी सरसरत गेली. ती जात राहिली, जात राहिली, आणि शेवटी तिचं दुसरं टोकही माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलं.

विद्याधरने वाकून पाण्यात पाहिलं.

"दोरी होडीला बांधली होतीस ना?" त्याने विचारलं.

ट्यूबमुळे मला माझे पायसुद्धा दिसत नव्हते, दोरीचं टोक कुठून दिसणार, असं मी त्याला शांतपणे पटवून देत होतो. तेवढ्यात सुनंदाने मागे बोट दाखवलं. होडी हळूहळू, कुणी बोलावल्यासारखी, फुटणाऱ्या लाटांकडे निघाली होती. लाटेचा फेस ओसरला की खडकाचे काळे दात दिसत होते. विद्याधर जीव खाऊन एक वल्हं मारायला लागला, सुनंदाने दुसरं वल्हं धरलं, आणि दोघांनी मिळून होडी कशीबशी खोल पाण्यात आणली. मी मनातल्या मनात गणपतीला हाक मारून माझा वाटा उचलला.

नांगर नाही म्हणजे होडी एका जागी राहणार नाही, तेव्हा परत फिरायचं, असं विद्याधरने सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. पण मला कुंदाताईंचा किसलेला नारळ दिसायला लागला. एकदाच गळ टाकू दे, म्हणून मी हातापाया पडलो आणि जाड नायलॉनच्या दोरीला कोळंबी लावून गळ सोडला.

गळ तळाला टेकतो न टेकतो तोच असा हिसका बसला की मी ट्यूबसकट पुढे कोलमडलो. होडीचं तोंड गर्रकन वळलं आणि होडी जागच्या जागी उभी राहिली. एवढी होडी थोपवणारा मासा! तांबोशी कसली, घोळ मासा असणार, तोही माझ्या वजनाचा.

सुनंदाने ताठ झालेल्या दोरीकडे पाहिलं, मग विद्याधरकडे पाहिलं. विद्याधरने गुपचूप वल्ही आत घेतली.

"अहो, ओढू नका," ती म्हणाली. "दमू द्या त्याला. दोरी त्या आडव्या फळीला गुंडाळा आणि नुसते धरून बसा."

लग्नानंतर प्रथमच तिच्या आवाजात माझ्याबद्दल काळजी होती. मी धरून बसलो. खांदे भरून आले, उन्हाने नाक सोललं, पण मी दोरी सोडली नाही. माशाशी मी बोलतसुद्धा होतो. (तुझं-माझं वैर नाही, पण विंगमधली माणसं वाट बघतायत, असं काहीतरी.) ते दोघं मात्र निवांत गळ टाकत होते. सुनंदाने लालबुंद तांबोशी काढली, मग दुसरी, मग आणखी. टोपली भरत आली. त्या चिल्लर मासळीचं मला कौतुक वाटेना. उलट, फार फडफड होऊ देऊ नका, माझा मासा बिथरेल, असं मीच त्यांना दटावलं. दोघांनी ते ऐकलंही.

मग वारा सुटला. निघायला हवं, असं विद्याधर म्हणाला. मासा घेतल्याशिवाय मी हलणार नाही असं मी बजावलं, तेव्हा सुनंदाने टोपलीतली सुरी काढली आणि माझी दोरी कापून टाकली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ लढत दिली, तो मासा जागचा तसूभर हलला नाही, आणि तू त्याला सोडून दिलंस, असं मी म्हणालो.

"हलेल कसा? खडक आहे तो."

"मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोरी सोडली असती."

किनाऱ्यावर गुणाजीमामांनी टोपली बघून शाबासकी दिली आणि नांगराची चौकशी केली. ते सगळं विद्याधरने परस्पर मिटवलं. संध्याकाळी साऱ्या विंगमध्ये तांबोशीच्या कालवणाचा वास सुटला होता. धोंडिरामांनी जिन्यात माझा हात हातात घेऊन दाबला. एवढी तांबोशी काढायला कसब लागतं, असं ते म्हणाले. मी विनयाने मान खाली घातली आणि सुनंदाने, तिचे उपकार, मला तशीच घालू दिली.

दोन आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी विद्याधर घरी आला. उद्याही समुद्र शांत आहे, मामा होडी देतायत, वहिनी येताय ना, असं त्याने दारातूनच विचारलं. सुनंदा लगेच हो म्हणाली. मी जरा अवघडलो. नवीन नांगर आणायचं माझ्याकडे होतं आणि ते दोन्ही आठवडे राहूनच गेलं होतं. तसं मी त्याला सांगितलं.

विद्याधरने मला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं आणि पोटापाशी थांबला.

"नांगर कशाला रे?" तो म्हणाला. "तू येतोयस ना?"