संवेदनशील भेट

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हिशेबनिसाची मुलगी नऊ वर्षांची होणार होती. तिला चालता येत नसे, ती चाकाच्या खुर्चीतून फिरे. जीभ मात्र भलतीच चालायची, म्हणून घरी तिला मिरची म्हणत. वाढदिवसाची बातमी मोठ्या साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी त्याच दुपारी भेटवस्तू निवड समिती नेमली.

"भेट विचारपूर्वक हवी," साहेब म्हणाले.

हिशेबनीस चाचरत उठला. "साहेब, तिला भोंगा हवाय. खुर्चीला लावायला. शाळेत पोरं वाट अडवून उभी राहतात, ओरडून ओरडून घसा बसतो तिचा."

 समितीतल्या टंकलेखिका बाईंनी रुमाल काढला. "म्हणजे ही चालू शकत नाही म्हणून गावभर बोंब मारायची?"

"तुम्ही पडलात वडील," साहेब समजुतीने म्हणाले. "तुम्हाला तिच्या वेदनेकडे तटस्थपणे बघता येणार नाही."

हिशेबनिसाची बढती साहेबांच्या सहीवाचून अडली होती. तो खाली बसला.

मग चेंडू नामंजूर झाला, कारण त्यामागे पळावं लागतं. गोष्टीचं पुस्तक नामंजूर झालं, त्यात ससा उड्या मारत होता. रंगपेटी जवळजवळ मंजूर झाली होती. पण तिने चित्रात पायच काढले तर जबाबदारी कोणाची, असं उपअभियंत्यांनी विचारलं. बुटांचं नावही कुणी घेतलं नव्हतं, तरी खबरदारी म्हणून समितीने ते आधीच फेटाळले.

शेवटी साहेबांनाच सुचलं. मिरचीचं एक भलंमोठं तैलचित्र काढून घ्यायचं. हिरवळीवर धावणारी मिरची. खुर्ची अर्थातच वगळायची.

समारंभ पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होता. लिफ्ट दुरुस्तीला होती.

"चौघं मिळून उचलून नेतो," उपअभियंते म्हणाले.

"मी काय कपाट आहे?" मिरची म्हणाली. "तुम्हीच खाली या ना."

पण वर हार, माईक, पंखे सगळं लागलं होतं, पाहुणेही बसले होते. साहेब क्षणभरच अडले. चित्र जिन्यावरून सहज वर गेलं. त्याला मानाच्या खुर्चीत बसवलं, हार घातला. साहेब चित्राकडे बघत अर्धा तास बोलले आणि दोनदा गहिवरले. चित्राने कुठेच मध्ये तोंड घातलं नाही, त्यामुळे कार्यक्रम वेळेत आटोपला. हिशेबनिसाने आभार मानले. मानताना त्याला स्वतःचा आवाज परक्याचा वाटला, आणि टाळ्या थांबायच्या आत तो जिना उतरला.

मिरची तळमजल्यावर एकटीच बसली होती.

"झाला का माझा वाढदिवस?"

"झाला."

"कसा झाला?"

 तेवढ्यात दोन शिपाई चित्र घेऊन खाली आले. मिरचीने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाबा, ही कोण? आणि हिला माझा फ्रॉक कुणी दिला?"

हिशेबनिसाला आधी हसू फुटलं, मग त्याने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो साहेबांना काय वाटायचं ते वाटो म्हणून चित्र परत करायला गेला. पण साहेब फोनवर अभिनंदन स्वीकारण्यात गढले होते. समारंभाचा फोटो एव्हाना मोबाइलवर सगळीकडे फिरला होता: साहेब, समिती, हार घातलेलं चित्र. ज्या मुलीचा वाढदिवस होता ती त्यात कुठेच नाही, हे हजारो लोकांत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तुम्हीसुद्धा त्या फोटोखाली हात जोडलेत आणि तो पुढे पाठवलात.