ताजी खबर

‘चहा आलाय’ या दोन शब्दांवर अख्खं ऑफिस उठतं. सोनकांबळे उठतात ते खात्री करायला. दोन जिने उतरून किटलीला स्वतःचं बोट लावतात, भाजलं की मान डोलावतात आणि कप आणायला पुन्हा वर येतात. तोवर चहा संपलेला असतो. आम्ही हसतो.

चाकणच्या आमच्या कंपनीत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिले जातात. सोनकांबळे आमच्यातले सगळ्यात जुने. बाहेर ऊन आहे म्हणावं, तर विचारतील, “कधी पाहिलंत?” ‘सकाळी’ म्हटलं की निकाल तयार. “ही शिळी खबर झाली राव. ताजी आणा.”

प्रोसेसरची एक खोड असते. एकदा वाचलेल्या आकड्याची प्रत तो जवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाचतो. वेळ वाचतो. या प्रतीला कॅश म्हणतात. पण सेन्सरचा आकडा आपल्याला न विचारता बदलतो. म्हणून कर्नेलला, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, बजावावं लागतं की या पत्त्यावरच्या आकड्याची प्रत ठेवू नकोस, दर वेळी थेट यंत्रालाच विचार. ही एक ओळ सोनकांबळे आमच्या प्रत्येक कामात शोधत बसतात. मी एकदा चिडून विचारलं, एका ओळीसाठी एवढं काय?

“गुरुवारी सुट्टी आहे ना? चला माझ्यासोबत,” एवढंच म्हणाले.

आकुर्डीला एका चाळीत गेलो. दार शंकररावांनी उघडलं. पूर्वी कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर होते. कुणी न विचारताच त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं नव्हती. त्या प्रेसचा प्रोग्रॅम सोनकांबळ्यांचा होता आणि त्यात ती ओळ राहून गेली होती. सेन्सर सांगत होता, हात आत आहे. प्रोग्रॅम जवळची जुनी प्रत वाचत होता, हात बाहेर आहे. प्रेस खाली आली.

तेव्हापासून सोनकांबळे दर गुरुवारी येतात. फोनवर विचारत नाहीत. हात उलटासुलटा करून पाहतात, थंडीत ठणकतो का विचारतात.

शंकररावांनी तीन बोटांत बशी धरून चहा पुढे केला.

“साहेब, बोटं काय परत यायची न्हाईत. तुमी मात्र येत जा. घ्या, निवलाय.”

सोनकांबळ्यांनी बोट लावलं नाही. कप सरळ ओठांना लावला.

चहा चांगलाच गरम असावा. त्यांचे डोळे भरून आले होते.